डोळा मिटला की स्टेशन लागलं

रेडिओला डोळा बसवावा लागला, तो कान फसायला लागले म्हणून.

१९२० च्या दशकातल्या सेटवर स्टेशन लावणं हे कानाचंच काम होतं. काटा फिरवत जायचं, आवाज वाढत वाढत जाऊन उतरायला लागला की जरा मागे यायचं. अडचण अशी की जवळचं स्टेशन लागलं की घर दणाणायचं आणि लांबचं लागलं की स्पीकरला कान लावून बसावं लागायचं. १९२५ च्या सुमारास हॅरल्ड व्हीलर या अमेरिकन अभियंत्यानं यावर तोड काढली. हवेतून येणाऱ्या लहरीला जोर किती आहे ते पाहून सेटनं आपली ताकद आपणच कमी-जास्त करायची. आमच्या धंद्यात याला एव्हीसी म्हणतात. त्यामुळे लांबचं-जवळचं सगळं एका आवाजात येऊ लागलं. पण त्यातून नवीच पंचाईत झाली. काटा स्टेशनाच्या कडेला असला तरी सेट जोर लावून आवाज तेवढाच काढतो, फक्त तो चिरका आणि फाटका येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्टेशनच खराब आहे. काटा नेमका कुठे थांबवायचा, हे कानाला सांगता येईना.

मग कंपन्यांनी नाना प्रकार करून पाहिले. कुणी निऑनचा दिवा बसवला, ज्याची उजळलेली पट्टी स्टेशनच्या जोराबरोबर वर चढायची. कुणी छोट्या पडद्यावर सावली पाडणारा मीटर लावला. याच काळात न्यू जर्सीत स्वतःची छोटी प्रयोगशाळा चालवणाऱ्या ॲलन ड्युमाँट यांनी १९३२ मध्ये एका व्हॉल्व्हच्या पोटातच चमकणारा पडदा बसवला. ड्युमाँट कॅथोड रे ट्यूबच्या मागे लागलेले होते आणि हातात पैसा नव्हता. त्यांनी हा शोध आरसीए कंपनीला वीस हजार डॉलर्सना विकला आणि ती रक्कम आपल्या ट्यूबच्या कामात घातली. पुढे त्यांच्या नावाचं टेलिव्हिजन नेटवर्कही निघालं. आरसीएनं १९३५ मध्ये ६ई५ हा व्हॉल्व्ह बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं ‘मॅजिक आय’. लवकरच युरोपातल्या कंपन्यांचेही डोळे आले.

त्याच्या आत काय चालतं ते सांगायलाच हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. काचेच्या नळीच्या टोकाला एक छोटी, पसरट वाटी असते. तिला आतून झिंक सिलिकेटचा लेप दिलेला असतो. मधल्या तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन वाटीवर आदळले की लेप हिरवा उजळतो. वाटीवर २५० व्होल्ट असतात. कॅथोडचा स्वतःचा लाल उजेड दिसू नये म्हणून मध्ये एक काळी टोपी बसवतात, तीच बाहुली. वाटी आणि कॅथोड यांच्या मध्ये एक बारीक पट्टी उभी असते. तिच्यावरचा दाब वाटीपेक्षा कमी असला की ती इलेक्ट्रॉन बाजूला ढकलते आणि हिरव्या वर्तुळात पाचरीसारखी काळी सावली पडते. आता एव्हीसीचा ऋण दाब याच व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला असतो. स्टेशन जोरात आलं की ऋण दाब वाढतो, व्हॉल्व्हमधला प्रवाह घटतो, पट्टीवरचा दाब वाटीच्या जवळ येतो आणि सावली मिटते. ६ई५ मध्ये सावली उघडी असताना नव्वद अंशांची असते आणि ग्रिडवर उणे आठ व्होल्ट आले की पूर्ण मिटते. म्हणजे ज्या एव्हीसीनं कानाला फसवलं, तिलाच डोळ्यासमोर आणून उभं केलं.

मिरजेत आमच्या वडिलांचं, अण्णांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळेतून थेट तिथेच जायची. परकर-पोलक्यातल्या मुलीनं डाग द्यायला शिकावं हे गल्लीला विचित्र वाटायचं, अण्णांना नाही. दुकानात येणाऱ्या सगळ्याच सेटांना डोळा नसायचा. साध्या सेटांना नुसता काटा असे, डोळा भारी सेटांना. जुन्या डोळ्यांत मला ईएम ३४ सर्वांत जास्त आवडायचा. त्यात समोरासमोर दोन सावल्या, दोघींची नजर वेगळी. एक बारीकशा लहरीनंसुद्धा हलायची, दुसरी जोराचं स्टेशन असेल तरच मिटायची. लांबच्या स्टेशनला पहिली बघायची, जवळच्याला दुसरी. नंतरच्या ईएम ८० चा पडदा पंख्यासारखा पसरायचा, तर ईएम ८४ मध्ये दोन हिरव्या पट्ट्या दोन्हीकडून येऊन एकमेकींना भिडायच्या. अण्णा गिऱ्हाइकाला सेट परत देताना एकच गोष्ट बजावत: “वहिनी, कानानं नका लावू. डोळा मिटला की हात काढा.”

अण्णांचा दुसरा नियम माझ्यासाठी होता. सेट टेबलावर चढवला की आवाज पूर्ण बंद करायचा आणि नुसत्या डोळ्यावर स्टेशनं मोजायची. आवाजाचं बटण एव्हीसीच्या पुढच्या टप्प्यावर असतं, त्यामुळे आवाज शून्यावर असला तरी डोळा आपलं काम करत राहतो. मिनिटभरात कळायचं की दोष अलीकडच्या टप्प्यात आहे की पलीकडच्या. डोळा हलतोय पण आवाज नाही, तर एरियलपासून डिटेक्टरपर्यंत सगळं ठीक आहे, पुढे बघा. डोळाच हलत नसेल तर मागे जा. मीटर न लावता निम्मा सेट तपासून व्हायचा.

हा गुण घरातल्यांनाही उपयोगी होता, आणि त्याबद्दल मला नेहमी गोव्याची आठवण येते. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी एक भूमिगत रेडिओ केंद्र चालवलं. सुरुवात आंबोलीच्या जंगलातून झाली, नंतर कॅसलरॉकच्या बाजूनं. कोकणी आणि पोर्तुगीजमधून बातम्या जायच्या. पोर्तुगीज पोलिसांच्या राज्यात असं स्टेशन शोधताना भिंतीपलीकडे शिट्ट्या आणि खरखर जाऊन चालणार नव्हतं. ज्याच्याकडे डोळ्याचा सेट होता, त्याला आवाज बंद ठेवून काटा जुळवता येत होता आणि मगच कानाला पुरेल इतका आवाज सोडता येत होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तोपर्यंत ते केंद्र चालू होतं.

आमच्या गावाला मात्र डोळ्याचं खरं वेड लावलं ते सिलोननं. १९५२ साली पुण्याचेच बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आधी कमी झाली आणि मग जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. मिरजेसारख्या गाणाऱ्यांच्या गावात त्याचं कौतुक व्हायचंच, आमच्याकडेही शनिवारी रात्री तो लागायचा. पण सिनेमाची गाणी ऐकायची तर कोलंबो गाठायला लागायचं. महायुद्धात माउंटबॅटन यांच्या फौजांसाठी उभारलेलं तिथलं शक्तिशाली केंद्र १९४९ मध्ये सिलोन सरकारकडे आलं होतं, आणि १९५२ च्या डिसेंबरात त्यावर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठला.

कोलंबो मिरजेपासून सरळ रेषेत सुमारे बाराशे किलोमीटर. लघुलहर वर आयनांबरापर्यंत जाते आणि तिथून वळून खाली येते. ती एकाच वाटेनं येत नाही. दोन-तीन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात, आणि वरचे थर सतत हलत असल्यानं हा खेळ क्षणाक्षणाला बदलतो. कानाला तो फार कळत नाही, कारण एव्हीसी सावरून घेते. डोळ्यात तो पूर्ण दिसायचा. गाणं एकसारखं चालू असताना सावली हळूहळू उघडायची, पार रुंद व्हायची, मग पुन्हा मिटत यायची. अंतऱ्याच्या मध्येच ती उघडायला लागली की माझी आत्या श्वास रोखून बसायची, आता गाणं जातंय की काय म्हणून. बाराशे किलोमीटर लांबून आणि आभाळाला लागून येणारं गाणं आपल्यापर्यंत पोचायला काय काय सोसतं, ते त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. भिंतीवरची तांब्याच्या जाळीची एरियल जरा ताणून बांधली की सावली किती मिटते, हेही दिसायचं. त्यामुळे एरियल कुणी बांधावी यावरून घरात वाद व्हायचे.

मध्यम लहरीवरचं पुणं दोनशे किलोमीटरवर. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं तेव्हा मी फार लहान होते, पण अण्णा सांगायचे की त्या वर्षी दुकानात सेट आणणारे लोक ‘सिलोन लागत नाही’ म्हणायचं सोडून ‘पुणं स्वच्छ करून द्या’ म्हणायला लागले. दिवसा पुण्याला डोळा निम्माच मिटायचा. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झालं आणि शेजारूनच एवढ्या जोरात लहर आली की डोळ्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर चढून मध्ये जास्त उजळ रेघ दिसायला लागली. पहिल्या आठवड्यात लोक ‘डोळ्याला काहीतरी झालंय’ म्हणून सेट घेऊन आले. झालं काहीच नव्हतं, स्टेशन घराजवळ आलं होतं.

तोपर्यंत डोळ्याचे दिवस भरतच आले होते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि पाठोपाठ ट्रान्झिस्टर घरोघर आला. डोळा नको झाला असं कुणी ठरवलं नाही. त्याला अडीचशे व्होल्ट लागतात, शिवाय कॅथोड तापवायला सहा व्होल्ट वेगळे. टॉर्चच्या सेलवर चालणाऱ्या पेटीत हे बसत नाही. बॅटरीच्या सेटांसाठी डीएम ७० नावाचा उद्गारचिन्हाच्या आकाराचा एक इवलासा डोळा निघाला होता, पण ट्रान्झिस्टरपुढे तोही टिकला नाही.

आता जुने सेट गोळा करणारी मंडळी माझ्याकडे येतात. पुष्कळांना हिरवा उजेड हवा असतो, रेडिओ लागो न लागो. काही जण मेलेल्या डोळ्यामागे हिरवा एलईडी बसवून आणतात. मला ते बघवत नाही. उजेड कुठेही मिळतो. तो डोळा आभाळाबरोबर उघडायचा आणि मिटायचा, तेवढ्यासाठी तर तो केला होता. न हलणारा हिरवा ठिपका त्या सेटच्या तोंडावर खोटं बोलतो, असं मला वाटतं, आणि मी ते काम घेत नाही.

खरं सांगायचं तर ‘मेलेले’ म्हणून आलेले निम्मेअधिक डोळे जिवंत निघतात. सॉकेटच्या आत, अगदी पिनांना चिकटून, एक मेगओहमचा छोटा रेझिस्टन्स असतो. पट्टीला दाब पुरवणारा तोच. गरम हवेत वर्षानुवर्षं राहून त्याची किंमत वाढत जाते, कधी तो पार तुटतो. मग पट्टीवरचा दाब चढत नाही आणि सावली कायम रुंद उघडी राहते. स्टेशन कितीही जोरात असो, डोळा मिटत नाही. लोक नवा व्हॉल्व्ह शोधत पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत फिरतात, आणि दोष असतो रुपया-दोन रुपयांच्या तुकड्यात. ईएम ३४ ला असे दोन असतात, दोन्ही बदलावेत.

लेप झिजून खरोखरच मंद झालेल्या डोळ्याला मात्र इलाज नाही. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं काही हजार तासांत तो विझत जातो. ईएम ८० च्या जागी रशियन ६ई१पी चालतो, तो अजून सापडतो. चांगला डोळा हाती असेल तर मी त्याच्या वाटीच्या तारेत एक छोटं बटण घालून देते, म्हणजे स्टेशन लावताना डोळा उघडायचा आणि लागलं की बंद करायचा. हे काम घरी करू नका, तिथे अडीचशे व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ राहतात. तेवढं करून घेतलंत तर रात्री लघुलहरीवर काटा फिरवा. स्टेशनं उरली आहेत थोडी, पण आभाळाचं येणं-जाणं पूर्वीसारखंच आहे.