पेन्शन वाड्याला, वारसा खराट्याला

पेशवाई कशी बुडाली हे आपण दर १ जानेवारीला सांगतो. बुडाल्यानंतर पेशव्याचं काय झालं, हे मात्र क्वचितच सांगतो. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. शनिवारवाडा सोडण्याच्या बदल्यात त्याला सालाना आठ लाख रुपयांचं पेन्शन मिळालं आणि १८५१ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे बत्तीसेक वर्षं, त्याने ते बिठूरला बसून खाल्लं. कामाविना पेन्शन!

त्याच वाड्याभोवतीच्या शनिवार पेठेतल्या गल्ल्या भल्या पहाटे झाडणाऱ्यांच्या म्हातारपणाचं काय, हा आजचा विषय आहे.

पेन्शनची किंमत आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून पेन्शनीत निघाले आणि दोन वर्षांत 'विटाळ विध्वंसन' लिहून मोकळे झाले. पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभं राहावं लागत नव्हतं, म्हणून हे शक्य झालं. सुभेदार रामजी सकपाळही पेन्शनर. पण पेन्शनात घर भागत नव्हतं, म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर साताऱ्यात पुन्हा नोकरी धरली. त्या उतारवयातल्या कष्टांवर भीमराव शिकले. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा नुसती नोकरी गेली नाही, चळवळीची रसदच तुटली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी १९१० मध्ये थेट विलायतेपर्यंत अर्ज धाडला, तो उगाच नव्हे.

लष्कराचं दार बंद झालं, पण नगरपालिकेच्या खराट्याचं दार उघडंच राहिलं. इथे म्हातारं झालेल्या कामगाराची सोय कशी लावली गेली?

१९६५ मध्ये केंद्राने मलकानी समिती नेमली. भंगीकाम पिढीजात हक्क म्हणून चालतं, ते मोडायचं कसं, हा तिचा विषय. त्यानंतर दहा-बारा वर्षांत महाराष्ट्र सरकारने लाड-पागे समितीच्या शिफारशींवर निर्णय काढले: सफाई कामगार निवृत्त झाला, वारला किंवा शरीराने निकामी झाला, तर त्याच्या जागी वारस. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या तरतुदी पुन्हा एकत्र केल्या. म्हणजे गुडघे गेलेल्या कामगाराला हलकं काम द्यायचं, आरोग्य कोठीवर बसवायचं, हा नियम नाही. नियम हा, की त्याच्या हातातला खराटा मुलाच्या हातात द्यायचा. कारकून थकला तर त्याचं टेबल बदलतं. सफाई कामगार थकला तर त्याची पिढी बदलते.

इथे काही मित्र रागावतील. वारसा हक्क रद्द करा असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगतो. ठेकेदारी आल्यापासून आपल्या वस्त्यांत कायम नोकरी म्हणजे एवढीच उरली आहे. ती सोडून द्या असं वस्तीतल्या पोराला सांगायला माझं तोंड नाही. माझा आक्षेप आहे तो 'वारस किंवा काहीच नाही' या पर्यायाला. राज्य सरकारच्या नोकरीत वरचा अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी साठाव्या. दोन वर्षांचा पगार जास्त मिळतो, हे खरं. पण ज्याचं काम अंगमेहनतीचं, त्याचंच शरीर दोन वर्षं जास्त राबवायचं आणि त्या दोन वर्षांत काम हलकं करायचं नाही, हा कसला हिशोब?

ज्यांना हा वारसाही नाही, त्या कचरावेचक बाया. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातून 'स्वच्छ' सहकारी संस्था आली आणि या बाया ओळखपत्र घेऊन दारोदार कचरा उचलू लागल्या. यातल्या बहुसंख्य दलित. घराघरातून मिळणाऱ्या शुल्कावर त्यांची कमाई. त्यामुळे पगार नाही, निवृत्ती नाही, ग्रॅच्युइटी नाही. साठीतली बाई जुन्या वाड्याचे लाकडी जिने चढते, कारण न चढलेल्या जिन्याचे पैसे मिळत नाहीत.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रत्येक प्रौढ नागरिकाला सक्तीचा विमा आणि विम्यावर सरकारची मक्तेदारी मागितली होती. संविधानात आलं ते कलम ४१: म्हातारपणात सरकारी साहाय्य, पण राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत. बाबा आढावांनी उतारवयात असंघटित कष्टकऱ्यांच्या पेन्शनसाठी दिल्लीत धरणं धरलं, ते याच ऐपतीचा जाब विचारायला. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबासाठी केंद्राचा वाटा तेव्हा महिना २०० रुपये होता. तो अजूनही २०० रुपयेच आहे.