तळमळ आणि तपश्चर्या : पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल

वाङ्मयेतिहास शिकवताना पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) उल्लेख आम्ही बहुधा दोन ठिकाणी करतो : १८८२ चे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा. पुढची सुमारे चार दशके ‘समाजकार्य’ या एका शब्दात आटोपली जातात. त्या काळातील त्यांचे सर्वांत मोठे वाङ्मयीन श्रम, म्हणजे संपूर्ण बायबलचे भाषांतर, वर्गात क्वचितच पोहोचते.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली-स्त्रियांना रमाबाईंनी केडगावी आश्रय दिला. तेथे १९०५ साली प्रार्थनेची मोठी लाट उसळली आणि तिची वार्ता दूरवर गेली. श्रद्धेची उत्कटता म्हटली की अशा भरतीकडेच आपले लक्ष जाते. आम्हांला मात्र तिची खरी कसोटी त्यानंतरच्या नीरव वर्षांत दिसते.

मराठीत बायबल आधीच उपलब्ध होते. पण त्याची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला परकी आहे, असे रमाबाईंना वाटे. म्हणून उतारवयाकडे झुकताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला व मुळावरून भाषांतर आरंभिले. आश्रमातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ते पुरे करून, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. समग्र ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

या भाषांतराला व्यापक मान्यता मिळाली नाही. मूळ शब्दाशी राखलेल्या कडव्या इमानामुळे मराठी वाक्य अनेकदा अवघडते, हा आक्षेप खोटा नाही. त्याच काळात रेव्हरंड टिळकांनी अभंग-कीर्तनाची परंपरा ख्रिस्तभक्तीसाठी आपलीशी केली आणि त्यांची गीते लोकांच्या ओठांवर रुळली. तळमळ दोघांचीही सारखीच. टिळकांनी भाषेचा वारसा स्वीकारला, रमाबाईंनी तो गाळून घेतला.

परंतु त्यांनी काय गाळले, हे विसरता कामा नये. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या संस्कृत व्यासंगासाठी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तोच त्यांनी अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईसाठी बाजूला ठेवला. संपूर्ण अंतःकरणाने, संपूर्ण बुद्धीने ईश्वरावर प्रीती करावी, या शिकवणीतील ‘संपूर्ण’ या शब्दाचा अर्थ त्यांनी असा लावला.

उत्कटतेने साहित्यकृती यशस्वी होतेच असे नाही. पण केवळ यशस्वी कृतींचाच इतिहास लिहायचा असेल, तर अशा आयुष्यांना त्यात जागा कोठे द्यायची, या प्रश्नाचे उत्तर आपण शिक्षकांनी द्यावयाचे आहे.