ब्लाथमाकचा विलाप : प्राचीन आयरिश भक्तिकाव्य आणि लोकरूढी

आठव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमधील कवी ब्लाथमाक याने मरीयेला उद्देशून दोन दीर्घ काव्ये रचली. तिच्या पुत्राचा शोक तिच्यासमवेत करू द्यावा, अशी त्याची विनवणी आहे. मृतासाठी असा आक्रोश करणे ही तेथील जुनी रूढी; जुन्या आयरिश प्रायश्चित्तसंहितेने मात्र त्याबद्दल स्त्रियांना प्रायश्चित्त सांगितले आहे. चर्चने लोकरूढी सरसकट पुसल्या, हे मत म्हणूनच टिकत नाही. मरीया ज्यूंच्याच कुळातील, म्हणून ख्रिस्तवध कवी आप्तहत्या ठरवतो. आयरिश कायद्यात हा घोर अपराध होता. (येथील ज्यूद्वेष अभ्यासकाने झाकू नये.) ही काव्ये डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील सतराव्या शतकाच्या एकाच हस्तलिखितात उरली, जेम्स कार्नी यांनी ती १९६४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली.