गाणं पाठ, गायक पाठ, लिहिणारा कोण?

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीत आपल्या भागात एका मंडळाने पाडवा पहाट ठेवली होती. कार्यक्रम उत्तम, गर्दी चांगली. गायिकेने ‘मत्स्यगंधा’ नाटकातलं पद घेतलं आणि अख्खं मैदान गुणगुणायला लागलं. निवेदकाने मूळ गायकाचं नाव घेतलं, संगीतकाराचं घेतलं, तबलजीचंही घेतलं. पद लिहिणाऱ्याचं नाव मात्र घ्यायचं राहून गेलं. आणि ते पद लिहिणारा माणूस आपल्या नाशिकचा! याच शहरात राहिला, इथेच कॉलेजात शिकवलं, इथेच गेला. मला राहवेना. घरी येऊन वही काढली, ती ही पोस्ट.

नाव : वसंत शंकर कानेटकर. जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा. वडील म्हणजे रविकिरण मंडळातले कवी गिरीश. म्हणजे घरात कविता पाण्यासारखी होती. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिक्षण झालं आणि मग नोकरीसाठी आले ते आपल्या एचपीटी कॉलेजात, इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून. नाशिकला आले आणि नाशिकचेच झाले.

सुरुवातीला त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. नाटककार म्हणून नाव झालं ते १९५७ च्या ‘वेड्याचं घर उन्हात’मुळे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते केलं, भालबा केळकरांनी बसवलं आणि डॉ. श्रीराम लागू त्यात होते. त्यानंतर हा माणूस थांबलाच नाही. चाळीसच्या आसपास नाटकं लिहिली. दिवसा वर्गात शेक्सपिअर, उरलेल्या वेळात मराठी रंगभूमी. मुंबई-पुण्यात न राहता मुंबई-पुण्याची थिएटरं भरवणारा माणूस.

आता त्यांच्या नाटकांतली एक गंमत बघा. ‘प्रेमा तुझा रंग कसा’मध्ये प्राध्यापक. ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये तत्त्वाला चिकटून राहणारे प्राचार्य विद्यानंद. ‘हिमालयाची सावली’मध्ये प्राध्यापक भानू, ज्यांच्यामागे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं आयुष्य उभं आहे. मास्तर जे रोज बघत होता, तेच लिहीत होता. स्टाफरूममधली राजकारणं, संस्थाचालकांचा दबाव, आदर्शवादी नवऱ्यापायी घरात होरपळणारी बायको. ‘हिमालयाची सावली’ १९७२ चं. मोठ्या माणसाच्या सावलीत राहणाऱ्या बयोचं दुःख त्यांनी तेव्हा मांडलं. आज कुठल्याही कार्यकर्त्याच्या घरात जाऊन बघा, ती बयो अजून स्वयंपाकघरात आहे.

तरुण पोरांना काशिनाथ घाणेकर माहीत आहेत, कारण २०१८ साली त्यांच्यावर सिनेमा आला. माझ्या भाच्याने तो मोबाईलवर बघितला आणि विचारलं, “मामा, लाल्या खरा होता का?” म्हटलं, बाबा, लाल्या नाशिकच्या एका प्राध्यापकाच्या टेबलावर जन्मला. ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली नाट्यसंपदेने आणलं. पणशीकरांचे विद्यानंद आणि घाणेकरांचा लाल्या. पुढे त्यावरून ‘आँसू बन गए फूल’ हा हिंदी सिनेमा निघाला, अशोककुमारांचा. कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर मिळालं.

त्याआधी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांतलं नाटक. लढाया नाहीत, आहे तो बाप आणि मुलगा. मास्टर दत्ताराम महाराज झाले, घाणेकर संभाजी. हे का महत्त्वाचं ते सांगतो. तोपर्यंत आपल्या नाटकांत संभाजी महाराज बहुतेक वेळा व्यसनी, बेफाम असेच रंगवले जायचे. १९६० साली वा. सी. बेंद्र्यांनी कागदपत्रं धुंडाळून चरित्र लिहिलं आणि ते चित्र बदलायला लागलं. कानेटकरांनी रंगमंचावर दुखावलेला, पण हाडाचा राजपुत्र उभा केला. पुढे १९६८ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहून थेट त्यांच्या बलिदानाला हात घातला. आज संभाजी महाराजांवर रोज फॉरवर्ड येतात. पण साठ वर्षांपूर्वी एक माणूस त्या बाप-लेकांकडे माणूस म्हणून बघत होता, हे विसरू नये. ते नाटक सगळ्यांना पटलं असंही नाही. इतिहास आणि नाटक यांचं भांडण तेव्हाही होतं. पण भांडण वाचून झालं पाहिजे, इतकंच.

आता मूळ मुद्दा, पदांचा.

किर्लोस्करांनी १८८० ला ‘शाकुंतल’ आणलं तेव्हापासून संगीत नाटक हे आपलं वैभव. पण बोलपट आले आणि त्याची रया गेली. रात्ररात्र चालणारी नाटकं, पदांवर पदं, वन्समोअरवर वन्समोअर. नव्या प्रेक्षकाला तेवढा वेळ नव्हता. अशा वेळी १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ आणलं. लेखन कानेटकरांचं, पदंही त्यांचीच. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. गायला रामदास कामत आणि आशालता. पदं मोजकी, आटोपशीर आणि गोष्ट पुढे नेणारी. कोळ्याची पोर सत्यवती, तिची फसवणूक, तिची महत्त्वाकांक्षा आणि त्यात होरपळलेला देवव्रत. गाणं थांबलं की कथा अडली असं होत नाही, कारण गाण्यातच कथा आहे. दोन वर्षांनी ‘लेकुरे उदंड जाली’ आलं. मूल नसलेल्या जोडप्याचं दुःख चक्क हसत-खेळत, गात-गात सांगितलं. श्रीकांत मोघ्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं.

आणि योग बघा. त्याच १९६६ साली नाशिकचेच तात्यासाहेब शिरवाडकर ‘ययाति आणि देवयानी’ लिहितात. संगीत पुन्हा अभिषेकींचं, पदं स्वतः तात्यांची. म्हणजे गोदाकाठचे दोन लेखक मराठी संगीत नाटकाला ऑक्सिजन लावत होते आणि सूर मंगेशीहून येत होते.

लिहिणारा मागे राहतो हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑस्ट्रियात ह्यूगो फॉन हॉफमन्स्टाल नावाचा नाटककार होऊन गेला. रिचर्ड स्ट्राउसच्या ऑपेरांचे शब्द त्याचे. ‘डेर रोझेनकाव्हालिअर’ १९११ चा. जगभर लोक स्ट्राउसचा ऑपेरा म्हणतात. पण त्याच्या देशाने एक केलं. त्याचं ‘येडरमान’ नाटक १९२० साली साल्झबुर्गच्या कॅथेड्रलसमोर उघड्यावर झालं आणि त्या गावाच्या महोत्सवात ते आजही होतं. लांबून लोक बघायला येतात. एका नाटकाने गावाला ओळख दिली.

आमचे वडील अंबडच्या एका कंपनीत टर्नर होते. सेकंड शिफ्टहून आले की हात धुता धुता ‘मत्स्यगंधा’तलंच पद गुणगुणायचे. कंपनीच्या गणपतीत पोरांनी ‘अश्रूंची’चा एक प्रवेश केला होता, त्यात वडील शिपाई. संवाद दोनच, पण पंधरा दिवस घरात तालीम. लेथवर काम करणाऱ्या माणसाला वाटायचं की हे नाटक आपलं आहे. ही ताकद होती त्या लेखणीची. १९८८ च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १९९२ ची पद्मश्री, हे मान मोठेच. मला मात्र वडिलांची ती तालीम मोठी वाटते.

म्हणून मागणी पुतळ्याची नाही. पुतळे खूप झाले. तीन साध्या गोष्टी. एक, पहाट असो की ऑर्केस्ट्रा, पद गाण्याआधी लिहिणाऱ्याचं नाव घ्या, पाच सेकंद लागतात. दोन, आपल्या सिडको-अंबडच्या गणेश मंडळांनी यंदा डीजेच्या एका रात्रीऐवजी कानेटकरांचा एक प्रवेश करावा. मुलं मी गोळा करतो. तीन, शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगला रिमिक्स नाचाबरोबर यातलं एक पद बसवा.

ज्यांनी कालिदासला किंवा कुठे गावच्या मंडपात ही नाटकं बघितली असतील, त्यांनी खाली लिहा. कोण होतं, कुठे झालं, काय आठवतं. हे नोंदवून ठेवायला हवं. आमच्या वडिलांच्या त्या शिपायाचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.