बॅन्टिंगची न्याहारी

स्थूल माणसाने काय खावे आणि काय टाकावे हा प्रश्न वैद्यांचा, असे आपण धरून चालतो. परंतु वैद्य जेव्हा पथ्य लिहून देतो तेव्हा त्याच्यासमोर रोग्याबरोबर रोग्याचे ताटही असते, आणि त्या ताटातल्या काही वस्तूंना हात लावण्याचे त्याच्या मनातही येत नाही. कर्बोदके कमी करण्याच्या पथ्याचा इतिहास पाहताना आम्हांस हे वारंवार जाणवले. त्या इतिहासातले सर्वांत गाजलेले प्रकरण लंडनच्या विल्यम बॅन्टिंगचे.

बॅन्टिंगच्या घराण्याची सेंट जेम्स स्ट्रीटवर पेढी होती. राजघराण्यातल्या व थोरामोठ्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था ती पाहत असे. 1852 साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा निघाली तिची कामगिरीही याच पेढीकडे होती. दुसऱ्यांच्या शवपेट्यांची मापे घेणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या देहाचे माप मात्र आवरेना. उंची 5 फूट 5 इंच, आणि ऑगस्ट 1862 मध्ये वजन 202 पौंड. बुटाचे बंद बांधायला वाकता येत नसे. गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून जिना उतरायचा तो पाठमोरा. उपाय त्याने थोडे केले नव्हते. पहाटे उठून नाव वल्हवली, तर भूक दुप्पट झाली. नव्वदपर्यंत तुर्की स्नाने घेतली, वजन उतरले जेमतेम 6 पौंड.

शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या शल्यवैद्याकडे गेला. (रक्ताभिसरण शोधून काढणारा हार्वे तो हा नव्हे, त्याला जाऊन दोनशे वर्षे लोटली होती.) हार्वेने पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. यकृत साखर तयार करते हे बर्नारने दाखविले होते, आणि मधुमेहाच्या रोग्याला पिष्टमय व गोड पदार्थ वर्ज्य करतात हे हार्वेला ठाऊक होते. तेच पथ्य स्थूलतेवर का चालू नये, असा त्याने तर्क केला. रोग्याच्या कानाचे दुखणे वाढलेल्या मेदामुळेच आहे असे त्याचे निदान होते.

आता न्याहारीकडे वळू. बॅन्टिंगची जुनी न्याहारी म्हणजे दूधपाव, किंवा भरपूर दूधसाखर घातलेला मोठा प्याला चहा आणि लोणी लावलेला भाजका पाव. दुपारी मांसाबरोबर बिअर, पुष्कळ पाव व गोड पक्वान्न. हार्वेने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे यांवर काट मारली. नव्या न्याहारीत 4 ते 5 औंस गोमांस, मेंढीचे मांस, गुरदे, भाजलेले मासे किंवा बेकन, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा, आणि पावाचा जेमतेम एक औंसाचा कोरडा तुकडा. डुकराचे मांस निषिद्ध पण बेकन चालेल, ही त्यातली गंमत! वर्षभरात 46 पौंड वजन उतरले. हर्षभरित बॅन्टिंगने 1863 साली स्वखर्चाने आपली हकीकत छापून फुकट वाटली. ती इतकी पसरली की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी पथ्य करणे याला आजही 'बांता' म्हणतात.

चहा-पावाची न्याहारी सुटली म्हणून पुष्कळांना परंपरा बुडाल्यासारखे वाटले असेल. परंतु ही परंपरा किती जुनी? नॉर्थम्बरलंडच्या अर्लच्या घरचा 1512 साली सुरू झालेला एक व्यवस्थाग्रंथ उपलब्ध आहे. त्यात उपवासाच्या दिवसांतही यजमान दांपत्याच्या न्याहारीला पाव, खारे मासे, एक क्वार्ट बिअर आणि एक क्वार्ट द्राक्षाची वाइन नेमून दिलेली आहे. सकाळच्या बिअरची जागा चहाने घेतली ती अठराव्या शतकात. म्हणजे बॅन्टिंगच्या पणजोबांच्या आधीच्या पिढ्यांना साखरेचा चहा हेच नवे खूळ वाटले असते. आमच्याकडे तरी काय निराळे? पोहे सुदाम्याच्या काळापासूनचे खरे, पण त्यांतला बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून आलेली आहेत.

या पथ्यातली आम्हांस सर्वांत बोलकी वाटणारी बाब पुढेच आहे. दुपारच्या जेवणाला क्लॅरेट, शेरी किंवा मदीरा यांचे 2-3 पेले, रात्री क्लॅरेटचे 1-2, आणि निजताना हवे असल्यास साखर न घातलेली जिन, व्हिस्की वा ब्रँडी! वर्ज्य फक्त शॅम्पेन, पोर्ट आणि बिअर. पिष्ट व साखर यांच्या हिशेबाने यात तथ्य आहे. कोरड्या तांबड्या वाइनच्या 150 मिलिलिटरच्या पेल्यात कर्बोदके सुमारे 4 ग्रॅम. बिअरच्या 350 मिलिलिटरमध्ये 12-13 ग्रॅम. मात्र मदीराच्या कित्येक जाती पोर्टइतक्याच गोड असतात, त्या या यादीत कशा बसल्या कोण जाणे. आणि मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅमला 7 कॅलरी पडतात, त्या कर्बोदकांच्या रकान्यात दिसत नाहीत एवढेच.

पाव सुटला आणि क्लॅरेट राहिले याचे कारण केवळ रसायनात शोधून भागणार नाही. त्या काळी वाइन व ब्रँडी ही औषधे होती, लंडनचे डॉ. टॉड तापाच्या रोग्यांना सर्रास ब्रँडी देत. शिवाय 1860 साली फ्रान्सशी व्यापारी तह होऊन ग्लॅडस्टनने फ्रेंच वाइनवरील जकात उतरविली आणि क्लॅरेट मध्यमवर्गाच्या मेजावर आले. (आमच्याकडेही 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात प्रकृतीसाठी मद्य घेण्याचा परवाना होताच!)

बॅन्टिंगने पुस्तिका वाटली त्याच 1863 साली डॉ. एडवर्ड स्मिथ सरकारसाठी इंग्लंडमधल्या श्रमिकांच्या आहाराची पाहणी करीत होते. शेतमजुराच्या वाट्याला आठवड्याला माणशी सुमारे 12 पौंड पाव आणि एक पौंड मांस येत होते. बॅन्टिंगच्या पथ्यातले मांस मोजा: रोज 12 ते 15 औंस. मजुराचे आठवड्याचे मांस बॅन्टिंगला दीड दिवसही पुरले नसते. ज्याच्या घरी पाव हेच अन्न, त्याला पाव सोडा असे सांगणारे पथ्य त्याच्यासाठी नव्हतेच. त्याच्यापुढचा प्रश्न पोट भरण्याचा होता.

पुढे 1964 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट कॅमेरॉनने मद्यपी माणसाचे पथ्य म्हणून एक डॉलरची पुस्तिका काढली. दिवसाला 60 ग्रॅम कर्बोदके, मग व्हिस्की कितीही मोजावी लागत नाही, असा तिचा मथितार्थ, आणि तिच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. याला आम्ही शास्त्र म्हणणार नाही. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच नोंदविले आहे. स्टॅनफर्ड येथे 609 माणसांवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षभरानंतर कर्बोदके कमी करणारे आणि स्निग्ध पदार्थ कमी करणारे यांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक आढळला नाही.

तरीही हिशेब करायचाच तर असा करता येतो. कोरड्या पोह्यांत वजनाच्या तीन चतुर्थांश कर्बोदके असतात. पन्नास ग्रॅमच्या बशीत कॅमेरॉनच्या दिवसभराच्या शिध्यापैकी निम्म्याहून अधिक संपतात. शेंगदाणे वाढवून, बटाटा गाळून, शेजारी मोड आलेली मटकी ठेवून बशी लहान करता येते. मद्याची गोष्ट निराळी. मद्य पचविण्यात गुंतलेले यकृत रक्तात नवी साखर सोडण्याचे काम आखडते घेते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने उपाशीपोटी किंवा पिष्ट वगळून मद्य घेतले तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, आणि त्याची भोवळ पाहणारे त्याला दारू चढली म्हणून निजवून ठेवतात. बर्नारने ज्या यकृताची साखर शोधली, तेच हे यकृत.