लेकी बोले, सुने लागे : फ्रेंच व्यंगचित्रांतला परका माणूस

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये राजाची टिंगल करणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण होते. शार्ल फिलिपाँ यांनी १८३० मध्ये ‘ला कारिकातूर’ आणि १८३२ मध्ये ‘ल शारिवारी’ ही पत्रे काढली. त्यांतून राजा लुई फिलिपचा चेहरा नासपतीच्या रूपात घराघरांत पोहोचला. राजाला खादाड राक्षस दाखवल्याबद्दल ओनोरे दोमिए या चित्रकाराला १८३२ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने तर चित्र छापण्यापूर्वी सरकारची मंजुरी घेणे सक्तीचे केले.

तोंड दाबले की माणूस आडवळणाने बोलतो. आपल्याकडे म्हणतात, ‘लेकी बोले, सुने लागे.’ फ्रेंच चित्रकारांनी दूरदेशीच्या लोकांना अशी ‘लेक’ बनवले. दोमिए यांनी १८४३ पासून ‘चीनचा प्रवास’ ही चित्रमालिका काढली. ते स्वतः चीनला कधी गेले नव्हते. पोशाख चिनी, खोडी मात्र पॅरिसच्या!

याचे सर्वांत बोलके उदाहरण हैतीचे आहे. गुलामांनी बंड करून, फ्रान्सचा पराभव करून १८०४ मध्ये हे राष्ट्र स्वतंत्र केले. गुलामीत जन्मलेले फोस्तँ सुलूक १८४७ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८४९ मध्ये त्यांनी स्वतःला सम्राट घोषित केले. इकडे फ्रान्समध्ये डिसेंबर १८४८ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन यांचा डोळाही सिंहासनावर असल्याचा संशय होता. व्यंगचित्रकारांना आयतीच जोडी मिळाली. कॅम या चित्रकाराने सुलूक आणि त्यांच्या दरबारावर चित्रांचे पुस्तकच काढले. मुकुट, झगे, पदव्या यांत हरवलेला काळा सम्राट पाहून पॅरिस हसले. जाणकारांना त्यामागे लुई नेपोलियन दिसत होते.

सुलूक यांची राजवट जुलमी होती, हे खरेच. परंतु चित्रात जुलमाऐवजी त्यांच्या रंगाची आणि चेहऱ्याचीच थट्टा होती. युरोपीय राजांचा थाट काळ्या माणसाने केला की तो विनोद ठरे. कॅम यांचे खरे आडनाव नोए, म्हणजे फ्रेंच भाषेतले नूह. नूह यांचा मुलगा हाम, त्यावरून त्यांनी टोपणनाव घेतले. याच नोए घराण्याचे हैतीत पूर्वी मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत. शिवाय गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून हैतीकडून पंधरा कोटी फ्रँक कबूल करून घेतले होते. १८३८ मध्ये ती रक्कम कमी झाली, तरी पैसे लुटल्या गेलेल्यांनीच द्यायचे होते. दरबाराच्या त्या विनोदात या हिशेबाला जागा नव्हती.

चित्रांनी लुई नेपोलियन यांना रोखले नाही. २ डिसेंबर १८५१ ला त्यांनी सत्ता बळकावली आणि वर्षभराने ते सम्राट झाले. छापखान्याला खरे स्वातंत्र्य मिळाले ते १८८१ च्या कायद्याने. म्हणजे सून सिंहासनावर बसली आणि मार तेवढा लेकीच्या अंगावर राहिला. म्हणीतल्या लेकीला ठाऊक असते की बोलणे आपल्यासाठी नाही. हैतीच्या माणसाला कोणी विश्वासात घेतलेच नव्हते.

हुकूमतीला जाब विचारणारी लेखणी समाजाला हवीच. दोमिए यांच्या धाडसाला सलाम करताना आपण प्रत्येक चित्राला दोन प्रश्न विचारावेत : निशाणा कोणावर आहे, आणि हसू कोणाच्या चेहऱ्यावर उभे केले आहे? दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर तिथे थांबून पुन्हा पाहावे.