काडीपेटीएवढं कपाट

स्मरणिकेत बाहुलीघराचं काय काम, असं संपादक मंडळाने विचारलं नाही, याबद्दल आधी त्यांचे आभार! माझा छंद आपल्या बिल्डिंगमधल्या मुलांना चांगला ठाऊक आहे. मोठ्यांना ती म्हातारपणीची भातुकली वाटते. भातुकलीच आहे, पण तिच्यात घरांचा इतिहास दडलेला आहे.

मी जमवते ते साधारण १९२० ते १९४० या काळातलं, परदेशी बनावटीचं, आर्ट डेको वळणाचं बाहुलीघराचं फर्निचर. ही शैली जगासमोर आली ती १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात. 'आर्ट डेको' हे नाव मात्र रूढ झालं १९६०च्या दशकात. गोलाई दिलेल्या कडा, पायऱ्यापायऱ्यांचे आकार, ड्रेसिंग टेबलाला मोठा गोल आरसा, ही तिची ओळख. मोठ्यांच्या घरात असं फर्निचर आलं, आणि पाठोपाठ खेळणी बनवणाऱ्यांनी त्याच्या चिमुकल्या प्रती काढल्या.

शिकागोची टूट्सीटॉय कंपनी ओतीव धातूचे संच काढायची. बाथरूमच्या संचात टब असायचा, स्वयंपाकघराच्या संचात शेगडी. अमेरिकेतच मोलिन गावच्या स्ट्रॉम्बेकर कंपनीचं काम लाकडात. इंग्लंडमध्ये लाइन्स आडनावाच्या तीन भावांनी १९१९ साली कंपनी काढली. तीन रेघा जोडल्या की त्रिकोण होतो, म्हणून त्यांच्या खेळण्यांचं नाव 'ट्रायअँग'! १९३०च्या दशकात त्यांनी 'अल्ट्रा मॉडर्न' बाहुलीघरं विकायला आणली: सपाट गच्ची, फिकट भिंती, पत्र्याच्या खिडक्या. पुढे महायुद्ध पेटलं आणि याच कंपनीच्या कारखान्यात स्टेन गन तयार होऊ लागल्या.

जुनी वस्तू पारखायची कशी, हे मुलं नेहमी विचारतात. आधी मोजपट्टी घ्यायची. खऱ्या एक फुटाला एक इंच हे एक माप, पाऊण इंच हे दुसरं, अर्धा इंच हे तिसरं. टूट्सीटॉयचं फर्निचर साधारण अर्ध्या इंचाच्या मापाचं, स्ट्रॉम्बेकरचं बरंचसं पाऊण इंचाच्या. मग रंग बघायचा. कोपऱ्यांवर मुलांच्या हातांनी झिजलेला असेल तर उत्तम. नवा रंग फासला की किंमत उतरते. धातूला बारीक तडे असतील तर जपून! त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल, तर वस्तू आतून भुसभुशीत होत जाते. त्यावर इलाज नाही.

आता आपल्याकडे येऊ. त्याच वर्षांत मुंबईत मरीन ड्राइव्ह, माटुंगा, शिवाजी पार्क इथे डेको वळणाच्या इमारती उभ्या राहत होत्या. वाड्या-चाळींतून फ्लॅटमध्ये येणाऱ्यांनी घर सजवायचं कसं, हे दाखवायला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९३७ साली टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. २०१८ साली मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तो मान इमारतींचा. आतली कपाटं, पलंग, रेडिओची टेबलं यांतली कितीतरी कधीच भंगारात गेली. माझ्या आत्याचं माटुंग्याचं ड्रेसिंग टेबल तसंच गेलं. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही. तसल्याच टेबलाची काडीपेटीएवढी प्रत मात्र माझ्या शोकेसमध्ये आहे. इंग्लंडमधल्या कुठल्या तरी मुलीने ती नीट सांभाळली, म्हणून.

आपल्या ऑफिसच्या कपाटात नकाशे आहेत, सभांची इतिवृत्तं आहेत, पायाभरणीचे फोटो आहेत. पंचवीस वर्षांत आपण घरात राहिलो कसे, याची नोंद मात्र कुठेच नाही. मोठ्या पाठीचा टीव्ही, त्याची ट्रॉली, सनमायका लावलेला शोकेस, फोल्डिंगची लोखंडी कॉट, सगळं एकेक करत लिफ्टने खाली जातंय.

म्हणून एक विनंती. जुनं फर्निचर भंगारवाल्याला देण्याआधी, ते आपल्या जागी असतानाच त्याचा एक फोटो काढा. टेप लावून लांबी-रुंदी-उंची लिहून ठेवा आणि ते ऑफिसात द्या. सुवर्णमहोत्सवापर्यंत आपल्याकडे एक चांगली फाइल जमेल. मापं हाताशी असली, तर आपल्या नातवंडांपैकी कुणीतरी एका फुटाला एक इंच धरून आपलं अख्खं घर बनवू शकेल. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा!